अक्कांनी जुळवलेली पट्टी

लग्नानंतर दीपनगरच्या वीजकेंद्राच्या क्वार्टरमध्ये माझी पीएच.डी. अडकली ती अडकलीच. विषय होता पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारी प्रथिनं. माणसात, कोंबडीत, बेडकात ती किती सारखी राहिली आणि उत्क्रांतीत कुठं बदलली, हे तपासायचं. काम कॉम्प्युटरचं, आणि कॉम्प्युटर पुण्यात. जूनपर्यंत तिथं जाऊन बसले नाही, तर रजिस्ट्रेशन रद्द! "घरी होत नाही का?" नवरा रोज जेवताना विचारायचा. पापड आहेत का ते, घरी लाटायला? पण तोंड उघडायची सोय नव्हती.

गाईडनी पोस्टानं प्रथिनांच्या रचनेचे कागद पाठवले होते, नुसती इंग्रजी अक्षरांची लांबलचक रांग. एकेका प्राण्याची पट्टी कापून मी एकीखाली एक सरकवत बसायचे, सारखी अक्षरं एका रेषेत येईपर्यंत. एखाद्या प्राण्यात काही अक्षरं गळालेली असतात, तिथं रिकामी जागा सोडायची. ती नेमकी कुठं, इथंच माझं घोडं अडलं होतं.

सासूबाई, म्हणजे आमच्या अक्का, खानदेशात नरडाण्याकडच्या, बोलणंही तिकडचंच. शेजारी गहू निवडत बसायच्या. इंग्रजीचा गंध नाही, पण नजर घारीची. एका दुपारी मी कुकर बंद करून आले, तर त्यांनी बेडकाची पट्टी मधोमध फाडून, चार अक्षरांची घरं सोडून लावलेली.

"देख वं, आते बठ्ठं जुयनं!"

खरंच सगळं जुळलं होतं. आठवडाभर मी डोकं आपटत होते, तिथंच. आनंद व्हायचा सोडून मला आधी नवरा आठवला. हे नवऱ्याला कळलं की पुणं संपलं.

तो दारातच उभा होता.

"चुकलंय, अक्का," मी म्हणाले. "हातानं नाहीच जमायचं हे. मशीनच पाहिजे."

अक्कांचा चेहरा उतरला. मग लेकाला म्हणाल्या, "धाड तिले पुण्याले. मी उगाच कागद फाडा."

मी गेले. मशीननं बेडकाच्या रांगेत जागा सोडली ती नेमकी तिथंच, चार घरं. प्रिंट हातात धरून मी रडले. घरी पत्रात मात्र लिहिलं, मशीननं चूक दुरुस्त केली.

दिवाळीला आले, तर अक्का कागदांना हात लावेनात. "मन्हं काम नही ते," म्हणाल्या. खरं सांगावंसं फार वाटलं. पण पुण्याचे सहा महिने अजून बाकी होते, आणि नवरा समोरच फराळ करत होता. मी ताट उचललं आणि मोरीत गेले.