खिळ्याचा अर्ज

इतका शिस्तीचा माणूस जगात दुसरा झाला नसेल, आणि झाला असेल तर तो आमच्या सोसायटीत राहायला आला नाही, हे आमचं नशीब. एकच पुरून उरला. मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर पोलादवाले काका राहायचे. त्यांचा जन्म, मुंज, शाळा, नोकरी, सगळं दूर पूर्वेकडच्या एका पोलादाच्या गावात झालेलं. त्यांचे वडील देवगडहून तिथे गेले तेव्हा म्हणे नुसतं जंगल होतं, एक नदी आणि एक लाल डोंगर. आधी तंबू पडले, मग भट्टी पेटली, आणि भट्टीभोवती कंपनीने अख्खं गाव मांडलं. रस्ते कंपनीचे, दवाखाना कंपनीचा, नळ, दिवे, बागेतली शेवंतीसुद्धा कंपनीची. काका हे इतक्या अभिमानाने सांगायचे की ऐकताना मला माझी बँकेतली नोकरी फारच फडतूस वाटायची. रिटायर झाल्यावर क्वार्टर कंपनीच्या ताब्यात देऊन ते काकूंना घेऊन इथे आले. तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी मी होतो, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात ते माझ्याकडे आले आणि तक्रारवही कुठे असते म्हणून विचारलं. जिन्यातला बल्ब गेला होता. मी म्हटलं, मला सांगितलंत ना, झालं. ते माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी आंघोळ करत नाही असं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी जिन्याखाली सुतळीने बांधलेलं रजिस्टर लटकलं. तारीख, ब्लॉक नंबर, तक्रार, निवारण असे लाल शाईने आखलेले रकाने. आम्ही पोट धरधरून हसलो. पण दोन वर्षं गळणारा पाण्याचा पंप महिन्याभरात दुरुस्त झाला, कारण येता-जाता तो कोरा रकाना बघून मलाच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कबूल करतो, माझ्या कारकिर्दीत जे काही धड झालं ते त्या सुतळीमुळे.

त्यांचं घड्याळ एल.बी.एस. रोडवरच्या एका पत्र्याच्या कारखान्याच्या भोंग्यावर चालायचं. चहा, पेपर, दुपारची झोप, सगळं भोंग्याने. एकदा भोंगा दोन मिनिटं उशिरा झाला तर हे इस्त्रीचा शर्ट घालून गेटवर जाब विचारायला गेले. वॉचमनने हेड ऑफिसचे साहेब समजून सलाम ठोकला आणि माफी मागितली. काकांनी ती रीतसर स्वीकारली. आणि रूळ दिसला की गेलेच. उभी हयात त्यांनी रूळ लाटणाऱ्या मिलमध्ये काढलेली. कांजूरमार्गला कारखान्यात शिरणाऱ्या एका जुन्या रुळापाशी ते खाली बसून त्यावरची अक्षरं बोटाने चाचपत होते, लोक जमले तरी उठेनात. ते लोखंड त्यांच्याच गावचं, त्यांच्याच नोकरीच्या काळातलं निघालं. त्या दिवशी सगळ्या बिल्डिंगला पेढे मिळाले. पोरगी परगावी सुखात नांदताना दिसली, असं म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरोखर भरले होते.

अशा माणसाने माझ्याकडे अर्ज केला: भिंतीस एक खिळा ठोकण्याची परवानगी मिळावी. भिंत त्यांचीच. काकूंनी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मण्यांचा एक मोठा मोर विणला होता, काचेच्या फ्रेमीत. क्वार्टरमध्ये कंपनीने तीन खुंट्या दिलेल्या, एक देवाला, एक कॅलेंडरला, एक काकांच्या शर्टाला. चौथा खिळा नियमात नाही. त्यामुळे तो मोर पस्तीस वर्षं ट्रंकेवर टेकून उभा होता आणि मुलुंडात येऊनही ट्रंकेवरच. मी लिहून दिलं, घर तुमचं आहे, परवानगी लागत नाही. अर्ज परत आला, कोणत्या नियमान्वये ते लिहिलेलं नाही म्हणून. मग मी वैतागून ‘मंजूर’ लिहिलं, शिक्का मारला. आठवड्याने त्यांनी विचारलं, मेंटेनन्सचा माणूस कधी येणार? मी म्हटलं, मीच येतो हातोडी घेऊन. त्यांनी अत्यंत नम्रपणे मी कोणत्या खात्यात आहे ते विचारलं. डोक्याला हात लावला मी.

काकूंना मात्र हसू येत नव्हतं. एकदा जिन्यात मला थांबवून म्हणाल्या, “त्यांना हेसुद्धा क्वार्टरच वाटतं रे. एक दिवस कोणीतरी यादी घेऊन ताबा घ्यायला येणार, असं धरून बसलेत. मला एक घर हवं होतं, माझं. साठी आली आता.” मला त्या दिवशी काकांचा खरंच राग आला.

मग एका सकाळी भोंगा झालाच नाही. काका नऊ वाजेपर्यंत चहाशिवाय बसून राहिले आणि शेवटी मला घेऊन निघाले. कारखान्याला कुलूप होतं. मागे कामगारांची छोटी वसाहत, तिथे टेम्पो लागलेले. एक माणूस हातात यादी घेऊन पंखे, नळ, खिडक्यांच्या कड्या मोजत घराघरातून फिरत होता. एका उघड्या दारातून आतली बाई दिसत होती. भिंतीतले खिळे उपटून ती बोटाने भोकांत टूथपेस्ट भरत होती, यादीवाला पोचायच्या आत. काका बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आमच्या हिला बुजवायला एक भोकसुद्धा नव्हतं.”

दुपारी काका माझ्या दारात उभे, हातोडी मागायला. अर्ज नव्हता. दोन ते चार शांतता, हा नियम त्यांनीच आम्हाला लावलेला, आणि अडीच वाजता दुसऱ्या मजल्यावर ठोकाठोक सुरू झाली. मी वर गेलो. मैलोन्‌मैल रूळ लाटलेल्या त्या माणसाला एक खिळा सरळ ठोकता येत नव्हता. चार वाकले, प्लास्टरचा पोपडा पडला. काकू मोर छातीशी धरून उभ्या होत्या. इथे? काकांनी विचारलं. जरा वर, काकू म्हणाल्या. मग जरा डावीकडे. मग पुन्हा जरा वर. त्यांना कसलीच घाई नव्हती.

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मुलुंडात भोंगेही उरले नाहीत, आणि सकाळी सात वाजता मला उगाचच काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. ते रजिस्टर मी सोसायटीला दिलं नाही, घरी ठेवलंय. त्यात त्या दिवसाची नोंद आहे, काकांच्या वळणदार अक्षरात, स्वतःविरुद्ध: ब्लॉक नंबर नऊ, दुपारी दोन ते चारच्या वेळेत ठोकाठोक केली. आणि शेजारच्या, निवारणाच्या रकान्यात काकूंचं अक्षर. सबंध रजिस्टरात त्यांनी लिहिलेला तो एकच शब्द.

“नको.”