पानावरचा मंदावलेला हात

सावद्याच्या वधूवर मेळाव्यात कामिनीचा जीव दोन ठिकाणी टांगला होता: लॅपटॉपमध्ये आणि भाईदास आबांच्या मिशीत. आबा मेळावा भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष. पिंप्राळ्याच्या घरात बसून कामिनीने स्थळांची वेबसाइट बनवली, ती गेल्या वर्षी ऐन मेळाव्यात सगळ्यांनी एकदम उघडल्याने बंद पडली. यंदाही पडली तर परत छापील पुस्तक, असं आबांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं.

म्हणून तिने अकराच्या उद्घाटनालाच भाड्याच्या एका सर्व्हरचे चार केले. आणि सुरू झाले सत्कार. शाल, नारळ, शाल, नारळ. आपलंही नाव पुकारतील या आशेने जो तो सावरून बसलेला. मोबाइलला कोणी हात लावेना. चारही सर्व्हर माश्या मारत बसले. तिने निमूट तीन बंद केले.

मग वरण-बट्टीची पंगत बसली आणि साइटवर आलेल्या माणसांचे आकडे उड्या मारू लागले. उजव्या हाताने बट्टी चुरायची, डाव्या हाताने समोरच्या पोरीचं शिक्षण साइटवर तपासायचं, अख्खी पंगत याच उद्योगाला लागलेली. शंभर, चारशे, नऊशे. कामिनीचं बोट सर्व्हर वाढवायच्या बटणावर गेलं.

शेजारीच तिच्या सासूबाई, सुगंधाबाई, कमरेवर हात ठेवून एका नवख्या वाढप्याला शिकवत होत्या.

"मानसं किती बसले ते नको पाहू. पानावरचा हात पाह्य. मंदावला का धावायचं. थांबला, मंग उशीर झाला."

कामिनीचं बोट मागे आलं. माणसांचा आकडा सोडून तिने साइटचं पान उघडायला किती वेळ लागतो ते पाहिलं. अर्धा सेकंद. नऊशे माणसं, तरी अर्धाच! म्हणजे हात चालू आहेत. मग एक सेकंद. मग दीड.

मंदावला.

तिने दोन सर्व्हर वाढवले. ते उभे राहायला दोन मिनिटं लागली, तेवढा वेळ तिने श्वाससुद्धा जपून घेतला. लॅपटॉपवरची वेळेची रेघ सरसर खाली आली आणि कामिनीला जे हसू फुटलं, ते पदराआडही मावेना.

तेवढ्यात आबा आले. मोबाइलच्या काचेवर तुपाची बोटं उमटलेली, नातवासाठी तीन स्थळं निवडून झालेली.

"पुढच्या वर्षी पुस्तक नको," ते म्हणाले, "फक्त अक्षर जरा मोठं कर बेटा."

सुगंधाबाईंचं लक्ष लॅपटॉपशेजारी वाढून ठेवलेल्या सुनेच्या ताटाकडे गेलं. बट्टी गार, वरणावर साय धरलेली.

"इचा तं हातच थांबला," म्हणत त्यांनी तुपाचं भांडं स्वतःच उचललं.