शबानाने मांडव थांबवला

मंडळी, आत्ताच मालेगावहून नाशिकला परतलो. डोक्यातून जाईना, म्हणून लगेच लिहायला बसलो.

माझ्याकडून कापड घेणारा एक इंग्रज पाहुणा आलाय. त्याला मालेगावला आमचं कापड विणणाऱ्या रशीदभाईंच्या मुलीच्या, शबानाच्या निकाहला नेलं. गाडीत त्याचं एकच चाललेलं, "इस्लाममध्ये बाईला आवाजच नाही. तिच्या वतीने आम्हालाच बोलावं लागतं." मी म्हटलं, "साहेब, आधी बिर्याणी तर खा."

मांडवात आम्ही पुरुष बसलेलो. रिवाजाप्रमाणे शबानाचे मामा साक्षीदार घेऊन आत बायकांकडे तिची संमती विचारायला गेले. पडद्याआडून तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "मामू, मैं बी.एड. पूरा करूंगी. पहले इस पर उनकी हाँ लाओ, फिर मेरी लेना."

मामांनी घामाघूम होऊन बाहेर येत अट सांगितली. नवरदेवाचे वडील चुळबुळायला लागले. काझीसाहेब शांतपणे म्हणाले, "लडकी की हाँ के बगैर निकाह नहीं होता, मियाँ. बैठो."

अख्खा मांडव एका न दिसणाऱ्या मुलीच्या शब्दासाठी थांबून राहिला.

शेवटी नवरदेवच म्हणाला, "मंजूर है." अट निकाहनाम्यात लिहिली गेली, तेव्हा आतून "कबूल है" आलं.

पाहुण्याला सगळं समजावलं. तो म्हणाला, "पण शिकायला अट का घालावी लागली?" प्रश्न रास्त होता. मात्र परतताना तो कुणाच्याच वतीने बोलला नाही.

घरी येऊन बायकोला विचारलं, "आपल्या लग्नात अंतरपाट धरण्याआधी तुला कुणी विचारलं होतं?"

ती म्हणाली, "आज पहिल्यांदाच कुणीतरी विचारतंय."

तुमच्या घरी काय उत्तर मिळतं?