गाऱ्हाण्यात गेलेलं दुखणं

जवळ ये गो जरा, आणि हे वाचताना तो मोबाइल पालथा घाल. मावशी लिहितेय म्हणजे मावशी बोलतेय असंच समज. गेल्या खेपेला आलीस, बांगड्याचं तिखलं खाल्लंस, आमच्या अख्ख्या मजल्याचे स्वभाव सांगितलेस आणि ते मानसशास्त्राचं जाडं पुस्तक पलंगावर विसरून गिरगावात निघून गेलीस. समोरच्या वहिनी बहिर्मुख, माझा मुलगा, तुझा दादा, अंतर्मुख आणि मी चिंतातुर. कॉलेजचं पहिलं वर्ष, आणि बाई परळच्या चाळीचा निकाल लावून मोकळी.

पुस्तक मी वाचलं. माझी शाळा सातवीत सुटली, पण वाचायला कोणी बंदी केली नव्हती. अडले ते शब्द ओलांडून पुढे गेले. वाचून शहाणपण आलं की नाही ते देव जाणे, वैताग मात्र भरपूर आला. कारण त्यात लिहिलंय ते सगळं आमच्या घरात होऊन गेलंय, आणि तुला त्यातलं अर्धंच माहीत आहे.

तुझा दादा ऑफिसला निघायचा, बूट घालायचा आणि उंबऱ्यातच थांबायचा. छातीत धडधड, तळहात ओले. वर झोप नाही. छातीची तपासणी झाली, त्यात काही निघालं नाही. त्याच डॉक्टरांनी मग हॉस्पिटलातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं. हे त्याला आणि मला, दोघांनाच ठाऊक. गोळ्या लागू पडल्या, डॉक्टरांशी बोलणंही सुरू झालं. एक दिवस जेवताना म्हणाला, "आमटीत मीठ कमी पडलंय." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. तोवर पानात पडेल ते गिळत होता बिचारा.

आणि नेमके थोरले भावजी, म्हणजे त्याचे काका, साखर तपासायला त्याच हॉस्पिटलात गेले. दादाला मानसोपचाराच्या दारासमोरच्या बाकावर बसलेला बघितला. हे मला दादाने सांगितलं; भावजी घरी येऊन कोणाला काही बोलले नाहीत. मला वाटलं, माणसाला म्हातारपणी समज आली.

मग मजल्याची सत्यनारायणाची पूजा आली. आम्ही मालवणकडचे, त्यामुळे पूजेनंतर नारळ ठेवून गाऱ्हाणं हवंच. एकाने देवाला मोठ्याने साकडं घालायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला 'व्हय महाराजा' म्हणायचं. गाऱ्हाणं घालायचा मान भावजींचा. पाण्याचं, जिन्याचं, पोरांच्या परीक्षांचं सांगून झालं. मग आवाज आणखी चढला.

"आणि बा देवा महाराजा, ह्या आमच्या झिलाच्या डोक्याक जा काय झालाहा, ज्याच्यासाठी तेका येड्यांच्या डॉक्टराकडे जावचा लागता, ता सगळा निवारण कर रे महाराजा."

सगळा मजला एका सुरात म्हणाला, "व्हय महाराजा."

प्रसाद हातात असतानाच दादा घरात गेला. त्या दिवसापासून डॉक्टर बंद, गोळ्या बंद. ऑफिसला जायचा, पण कसा, ते मी बघत होते. पुन्हा तो उंबरा, पुन्हा ते ओले तळहात. जेवणात मीठ घातलं नाही तरी चालायला लागलं.

त्यात येणाऱ्याजाणाऱ्यांनी जीव नको केला. एक आली अंगारा घेऊन. एकीने भिजवलेले अक्रोड आणले. तळमजल्यावरचे काका म्हणाले, "लग्न लावून द्या, ताणबीण सगळा जाईल." ज्यांची नवराबायकोची भांडणं आम्ही वरून ऐकतो, ते हे काका. आणि सगळ्यांचं शेवटचं वाक्य ठरलेलं: "त्याचा स्वभावच पहिल्यापासून घुमा हो." अगं, हाच पोरगा दहीहंडीला सगळ्यांत वर चढून ओरडायचा. पण बसलेला माणूस दिसला की लोकांना त्याचा स्वभाव दिसतो, त्याच्यावर काय बसलंय ते दिसत नाही. हे तुझ्या पुस्तकातही आहे, फक्त तिथे त्याला लांबलचक नाव दिलंय.

शेवटी भावजी चहाला आले तेव्हा मी विषय काढलाच. "तुम्हाला सांगायची गरज काय होती?"

"मी देवासमोर बोललंय, माणसासमोर नाय."

"देवाच्या आधी समोरच्या वहिनींनी ऐकलं, भावजी."

"आणि ताण कसलो ह्यांका? आमची गिरण बंद पडली तेव्हा आमका ताण नव्हतो?"

"होता ना. वर्षभर तुम्ही गॅलरीत भिंतीकडे तोंड करून बसायचात. तेव्हाही मजला म्हणायचा, गड्याचा स्वभावच घुमा."

भावजींनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "तेव्हा माका कोण घेवन गेलो डॉक्टराकडे?" आणि चहा अर्धा टाकून उठले. माफी मागितली नाही. ते मागणारेही नव्हेत.

दादा आतच होता, त्याने सगळं ऐकलं. बाहेर येऊन काकांचा उरलेला चहा त्याने मोरीत ओतला आणि कप विसळत म्हणाला, "आई, त्या दिवशी मी पण म्हणालो."

"काय म्हणालास?"

"व्हय महाराजा. सगळे म्हणाले, तर माझंही तोंड उघडलं. मग कळलं की आपल्यालाच वेडा म्हणतायत."

आणि हसला गं. कित्येक दिवसांनी. मला हसावं की त्या अख्ख्या मजल्याला धरून बदडावं कळेना. समूहाबरोबर माणूस कसा माना डोलावतो, त्यावर तुझ्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे. आमच्याकडे ते एका ओळीत उरकलं.

म्हणाला, जाईन परत डॉक्टरांकडे, पण त्या बाकावर एकट्याने बसणार नाही. सोबतीला मी नको, मी सारखी तोंडाकडे बघते म्हणे. भावजींनाही यायचंय, साखर तपासायचं निमित्त करून. त्यांना मी तूर्त थोपवलंय. दादाने तुझं नाव घेतलं. अट एकच घातली: स्वभाव सांगायचा नाही.

तर गुरुवारची वेळ मिळाली आहे. तू आदल्या दिवशीच राहायला ये. पुस्तक इथेच आहे, मी कव्हर घालून ठेवलंय, पण ते हॉस्पिटलात न्यायचं नाही. नुसती बाजूला बस त्याच्या. दिवस मोजायला लावू नकोस, लवकर ये.