तातेरावाचं मधलं काम

साखरा गावचा तातेराव मुंबईला नोकरीला लागला, याचं गावाला भारी कौतुक होतं. तो तिथं करतो काय, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. सत्त्याहत्तर साली कनेरगाव नाक्याच्या पुंजाजीनं ते विचारलं, आणि तेही भर बैठकीत, पोरगी दाखवायच्या आधी.

पुंजाजी रस्त्याच्या कामावरचा मुकादम. केलेलं काम डोळ्यांना दिसलं पाहिजे, हा त्याचा हट्ट. जयभीम झाला, पाणी झालं, आणि त्यानं तोफ डागली.

"पाव्हणं, तुमी तिकडं काय करून राहिले?"

पुंजाजीच्या सुमनला तातेरावानं एका लग्नात पाहिलं होतं आणि तेव्हापासून त्याचं ताटावर लक्ष नव्हतं. आता सारं या एका उत्तरावर आलं होतं. त्याच्या कामाला ऑफिसात 'ड्रायव्हर लिहिणं' म्हणत. तो शब्द इथं काढला तर गाडी हाकतो असं समजतील, एवढी अक्कल त्याला होती.

"आमच्याकडं निरनिराळ्या कंपन्यांचे कॉम्प्युटर हायेत. एकाची बोली दुसऱ्याला कळत न्हाई. आन् पेन धरून चित्रं काढणारी यंत्रं हायेत. कोणत्याबी कॉम्प्युटरनं सांगावं, कोणत्याबी यंत्रानं तेच चित्र काढावं, असा मधला प्रोग्राम मी लिहितो."

"सांगतो कॉम्प्युटर, काढतं यंत्र," पुंजाजी म्हणाला. "मंग मधी तुमी काहून लागता?"

बैठक खदखदून हसली. तातेराव नाटकाची तिसरी घंटा झाल्यासारखा उठला. "करूनच दाखवतो!"

अंगणात त्यानं पुंजाजीच्या बहिणीला, सोजराबाईला, रांगोळी घेऊन बसवलं. पुंजाजीच्या हाती रस्ता आखायची चुन्याची फक्की दिली. "मी सांगतो तसं दोघांनी घर काढा. चार उजवीकडं! चार वर!"

सोजराबाईनं चार ठिपके मोजले. पुंजाजीनं चार पावलं टाकली. त्यात मुकादमाच्या लेखी 'वर' म्हणजे वाशीमच्या बाजूला. बघता बघता त्याची भिंत गोठ्यात शिरली आणि म्हशीनं ती हुंगून पाहिली.

"माझ्या घरात मुंगी राहील, दादाच्या घरात म्हैस," सोजराबाई तातेरावाला म्हणाली. "तू कोणत्या घरात राहशील, बापू?"

तातेरावानं कपाळावर हात मारला. ज्या मधल्या कामाचा पगार घ्यायचा, तेच नेमकं तो विसरला होता.

सुमनची एन्ट्री अजून व्हायची होती. चहाचा ट्रे, खाली मान, सगळं ठरलेलं. ती आली ती मोकळ्या हातांनी, पदर खोचून.

"ओरडू नका. मला सांगा."

"चार उजवीकडं," तातेराव पुटपुटला.

"आत्या, चार ठिपके. बाबा, चार विती."

"चार वर."

"आत्या, तुमच्या पुढं. बाबा, वाशीम सोडा, दाराकडं या."

छप्पर चढेपर्यंत हेच चाललं. एक घर पाटाएवढं, एक बाजेएवढं. पण हुबेहूब तेच.

पुंजाजीनं दोन्हींभोवती चक्कर मारली. "व्हय, काम दिसलं. पण हे तर माझ्या पोरीनं केलं. नोकरी तिलाच द्या की!"

"देतील," तातेराव म्हणाला. "फक्त तिला मुंबईला न्यावं लागंल."

सुमन घरात पळाली. सोजराबाईनं न विचारताच साखर आणली.

पुढं सासरे-जावई आयुष्यभर एकमेकांच्या शेजारी बसले, पण थेट बोलून एकमेकांना कधी उमगले नाहीत. दोघांतलं कोणी काही बोललं, की दोघंही स्वयंपाकघरातल्या सुमनकडं बघायचे.