मापात नसलेला ड्रम

रविवारी सकाळी वाळूजच्या आमच्या घरी एक परीक्षा झाली. परीक्षा मी बनवलेल्या एक्सकॅव्हेटरची होती... निदान मला तरी तसंच वाटत होतं.

मी नोकरीत गिअर डिझाइन करते. ते बंद डब्यात बसतात, कुणी ढुंकून बघत नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी मॉडेल बनवते आणि त्यातले गिअर मुद्दाम उघडे ठेवते.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, आयुष्यभर कालव्यांच्या कामावर एक्सकॅव्हेटर चालवायचे. तेव्हाची मशीन हायड्रॉलिक नव्हती... एका ड्रमवर वायररोप, म्हणजे तारेचा दोर, गुंडाळला जायचा आणि बकेट वर यायची. तेच मशीन मी टेबलावर मावेल एवढं बनवलं, खास त्यांच्यासाठी.

पहिल्यांदा सगळं खऱ्या मशीनच्या प्रमाणात, अगदी मापात केलं होतं. अण्णा हौसेनं लिव्हर धरून बसले आणि बकेट नाचायलाच लागली. त्यांचा उजवा हात हल्ली थरथरतो... ती थरथर लिव्हरमधून मोटरला, मोटरमधून ड्रमला आणि तिथून थेट बकेटपर्यंत जात होती.

"तूच चालव," म्हणाले आणि हात खिशात घातला. चार लोकांत चहाचा कपसुद्धा उचलत नाहीत ते आता. मला फार वाईट वाटलं.

मग मी हट्टालाच पेटले. ड्रम निम्म्या जाडीचा केला, म्हणजे एका फेऱ्यात दोर थोडाच ओढला जाईल. गिअरच्या जोड्या वाढवल्या... मोटर गरागरा फिरली तरी ड्रम आपला निवांत. दोर दोरावर चढून हिसका बसू नये म्हणून ड्रमवर खाचाही पाडल्या.

मॉडेलवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला तर एकाची लगेच कमेंट, "मॅडम, ड्रम मापात नाय." नाहीच आहे... म्हटलं, राहू द्या.

रविवारी अण्णांना पुन्हा बसवलं. नाय नाय करत बसले एकदाचे. साइटवर नवा ऑपरेटर पास करायची त्यांची एक रीत होती. बकेटमध्ये पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या ठेवायचा, तो उचलून परत खाली आणायचा आणि थेंब सांडता कामा नये.

आमच्या बकेटमध्ये तांब्या कुठला मावणार... अण्णांनीच खोकल्याच्या औषधाचं टोपण मागितलं आणि मला पाण्यानं भरून आत ठेवायला लावलं.

लिव्हरवरचा हात थरथरत होता. बकेट मात्र सरळ वर गेली, थांबली आणि तशीच अलगद खाली आली... टोपणाभोवती सगळं कोरडं.

मी अभिमानानं नुसती फुगले होते. आता अण्णा म्हणतील, लई भारी केलं पोरी... म्हणून वाट बघत उभी राहिले.

पण ते मशीनकडे बघतच नव्हते. स्वतःच्या हाताकडे बघत होते.

"पास झालो ना गं मी?"

"झालात की अण्णा," मी म्हटलं.

"मंग चहा टाक. शेजारच्यांना बी बोलव... अन् माझा कप काठोकाठ भर."

शेजारी आले. अण्णांनी सगळ्यांसमोर कप उचलला, थोडा चहा बशीत सांडला, आणि ते आरामात गप्पा मारत राहिले.

इतकी वर्षं गिअर बनवतेय, पण आपल्या कामाचा एवढा अभिमान मला कधीच वाटला नव्हता. ड्रम मापात नाही... आणि आता तो बदलणारही नाही.