हळदीच्या दिवशी कड्यावर

माझ्या नणंदेची हळद होती. नवऱ्याचं गाव खाडीकाठचं, नेरूळच्या आमच्या फ्लॅटपासून अगदी जवळ. शहराने गावाला चहूबाजूंनी वेढलंय, तरी हळद अजून तशीच होते. अख्खी आळी दारात, मांडवात डीजे, मागच्या अंगणात मटणाची पातेली. मी घरातली थोरली सून. सकाळपासून पदर खोचून उभी होते. बायकांनी नवरीबरोबर मलाही हळद फासली होती. तेवढ्यात फोन वाजला.

आमचा गिर्यारोहकांचा एक ग्रुप आहे. डोंगरात कुणी अडकलं, पडलं की आम्ही जातो. फोन ग्रुपमधल्या दादांचा होता. पनवेलच्या पलीकडच्या किल्ल्यावरून उतरताना एक बाप-लेक वाट चुकले होते. मुलगी घसरून कड्यातल्या एका चिंचोळ्या टप्प्यावर अडकली होती, वडील वर बसून हाका मारत होते. "दोर तुझ्या घरी आहे," दादा म्हणाले, "आणि सगळ्यात जवळ तूच आहेस. जमेल?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. आमची ओळखच मुळी कड्यावर झाली. ऑफिसच्या मित्रांबरोबर तो ट्रेकला आला होता आणि एका कातळावर तो मध्येच अडकून बसला. मी बोलत बोलत त्याला पलीकडे नेलं. खाली उतरल्यावर तो म्हणाला, "मी आयुष्यात पुन्हा वर येणार नाही. पण तू आमच्याकडे जेवायला येशील का?" मी गेले. तो आपल्या शब्दाला जागला, आजतागायत पायथ्याच्या वर आलेला नाही. पण माझं डोंगरात जाणं त्याने कधी अडवलं नाही.

अडलं ते माझंच. लेक झाल्यावर मी पहिल्यांदा सुळक्यावर गेले, तेव्हा अर्ध्यातूनच परत उतरले. आधी प्रत्येक शनिवार-रविवार मला नवा कडा लागायचा, सगळ्यांच्या पुढे जायची हौस होती. ती त्या दिवशी गेली. भीती कळली. मग विचार केला, आता ही भीती ज्यांना एकट्याने सोसावी लागते, त्यांच्याकडे जाऊ. तेव्हापासून मी या कामात आहे.

पण हळदीच्या दिवशी थोरल्या सुनेने उठून जायचं? नवऱ्याच्या एक आत्या लगेच म्हणाल्या, "आज तरी घरात बस गो!"

सासूबाई पाटा पुसत होत्या. त्यांनी विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. त्या उठल्या, माझ्या हातातलं ताट काढून घेतलं.

"जा तू. हलद काय पलून जात नाय."

"आई, पण पाहुणे..."

"पाव्हन्यांना मी हाय. तुजा सासरा वादळात खाडीत अरकला व्हता, तवा त्याला आनाया गावातल्या सगल्या होड्या गेल्या. एका घरात लगीन व्हतं, त्यांची पन गेली. जा, त्या पोरीची आय वाट बघत असंल."

नवऱ्याने गाडी काढली. घरून दोर आणि सॅक उचलली, गाडीतच साडी बदलली. कामोठे मागे पडलं तेव्हा आरशात पाहिलं, तर चेहरा पिवळाजर्द.

पायथ्याला बाकीचे चौघे भेटले. नवरा खाली गावात थांबला, आम्ही धावतच वर चढलो. वर वडील दगडाला टेकून बसले होते. आवाज पार बसला होता. मी कमरेला हार्नेसचा पट्टा चढवला. दादांनी दोर कातळाला पक्का केला आणि मी खाली उतरले.

मुलगी कॉलेजातली. कातळाला पाठ लावून, डोळे घट्ट मिटून उभी होती. मी शेजारी टेकले, आधी तिला दोराला अडकवलं, मग म्हटलं, "आता पडणार नाहीस. डोळे उघड."

तिने उघडले आणि बघतच राहिली. "तुम्ही... हळदीतून आलात?"

"हो. लवकर चल, मटण संपेल."

ती हसली. हसता हसता रडायला लागली. मी तिला रडू दिलं. मला स्वतःला तेव्हा जराही भीती वाटली नव्हती, हे माझ्या नंतर लक्षात आलं. मग वरून दादांनी आम्हा दोघींना हळूहळू दोराने खाली घळीत सोडलं. मागून बाकीच्यांबरोबर वडील वाटेने उतरून आले. त्यांनी लेकीला जवळ घेतलं आणि कितीतरी वेळ सोडलंच नाही.

आम्ही परतलो तेव्हा नुकतं अंधारायला लागलं होतं, मांडवातले दिवे लागले होते. माझ्या पायाला चिखल, कोपर खरचटलेलं. मी मागच्या दाराने आत जाणार, तोच सासूबाईंनी हात धरला आणि सरळ मांडवात, सकाळच्या त्याच आत्यांसमोर नेऊन उभं केलं.

"ही माजी सून," त्या म्हणाल्या. डीजेच्या आवाजात त्यांना ओरडावं लागत होतं, तरी नवऱ्याने फोनवर कळवलेलं सगळं त्यांनी सांगितलं. मुलगी कुठे अडकली होती, मी कशी उतरले, जणू स्वतः कड्याखाली उभ्या राहून पाहिलं होतं. आत्यांनी माझं खरचटलेलं कोपर पाहिलं, आत जाऊन मलम आणलं.

आजवर अनेक शिखरांवर उभी राहिले आहे. पण त्या मांडवात, सासूच्या हातात हात असताना, मला जेवढा स्वतःचा अभिमान वाटला तेवढा कुठल्याच शिखरावर वाटला नव्हता. नवरा पलीकडे आमच्या लेकीला खांद्यावर घेऊन नाचत होता. मी तशीच, ट्रॅकपँटवर, त्यांच्यात शिरले.